पाचवीच्या पुढचे चेहरे

भाताची झोडणी आटपली आणि मी पेंढ्यावरच आडवी झाले. येसूनं माझं डोकं मांडीवर घेतलं. कलतं ऊन, कोंड्याचा वास, उल्हास नदीवरनं येणारा गार वारा. अशात झोप येणार नाय तर काय होणार? पण लेक झोपू देईल तर ना!

"आई, ऐकतेस ना गं? सोमवारी मेट्रनबाईंना सांगायचं हाय."

येसू माझी थोरली. मुंबईच्या दवाखान्यात तीन वर्षं नर्सिंग शिकून पास झाली. कर्जतजवळ भिसेगावच्या पलीकडं आमची वस्ती, तिच्यातली ही पहिलीच. आता आणखी एक शिक्षण घ्यायचं, त्याचं वेगळं सर्टिफिकेट मिळणार, आणि मग जन्मभर तेच काम. तिचं ठरलेलं होतं. माझ्या तोंडून हो यावं म्हणून कालपासून नुसता पिच्छा पुरवत होती.

"काय काय हाय ते परत सांग," मी डोळे मिटून बोलले.

ती सांगत गेली. ऑपरेशन थेटर. मला पांढऱ्या फरशीची खोली दिसली, तिथं पाण्याचा थेंबसुद्धा आवाज न करता पडत होता. लहान पोरांचा वॉर्ड. डोक्यानं बिघडलेल्या माणसांचा वॉर्ड, तिथं एक बाई खिडकीशी बसून वेणी घालत होती आणि वेणी काय संपत नव्हती. गावोगाव फिरून देवीची लस टोचायची, म्हणजे नुसत्या पायवाटा आणि वर भलं मोठं आभाळ.

"आणि मिडवायफरी," ती हळूच बोलली. "बाळंतपणाचं."

माझी झोपच उडाली.

"ते सोडून काय वाट्टेल ते घे! नाळ कापायला मी तुला मुंबईला धाडलं नाय."

तिला काय माहीत? आमी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती लहान होती. मी सुईण होते. माझी सासू सुईण, तिची सासूपण सुईण. गावातली बाई अडली की आमालाच हाक. तेवढ्यापुरतं घरचे आत घ्यायचे, सगळं करून घ्यायचे. पाचव्या दिवशी पाचवी पुजली, घर धुतलं, की माझी जागा ओटीच्या खाली, अंगणात. वरनं सुपात तांदूळ ओतायचे. ज्या पोराला पहिल्यांदा मी हातात घेतलं, त्याला पुन्हा शिवायचं नाय. दीक्षेनंतर वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाय, नाळ कापायला जायचं नाय. बरं झालं! मी तेव्हापासनं एका उंबऱ्याला गेले नाय.

रागारागात पुन्हा डोळा कधी लागला कळलं नाय.

बघते तर खळं तेच, पण पार डोंगरापर्यंत माणसंच माणसं उभी. बाप्ये, बाया, शाळकरी पोरं. सगळी माझ्याकडं पाठ करून. मला एकूण एक ओळखू येत होतं. हा पायाळू आला होता. ही रडतच नव्हती, मी तिच्या तोंडात फुंकर घातली होती. मी धावत पुढनं गेले, तर कुणाला तोंडच नाय. ताटासारखं कोरं. मला भ्या वाटलं नाय.

त्यातली एक बोलली, "पाचवीनंतर तू आलीसच नाय."

"मला येऊ कुठं दिलं गं!"

माझ्याच ओरडण्यानं मी जागी झाले. येसू माझे केस मागं सारत होती.

"कुणी येऊ नाय दिलं, आई?"

मग मी तिला सगळं सांगितलं, ओटी, सूप, आताचं स्वप्न. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला ते काम आवडायचं का गं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या नवऱ्यानं, धर्माजीनंसुद्धा नाय.

"आवडायचं काय विचारतेस, गाढवे!" मी खेकसले, आणि रडायलाच लागले. "आवडायचं गं. लई आवडायचं. ओलं, गरम पोर हातात आलं की मला दुसरं काय नको वाटायचं."

मी नाक पुसून विचारलं, "तुमच्याकडं पोर झाल्यावर पुढं काय करतात?"

"महिन्यानं वजनाला आणतात, पुढं टोचायला. आमीच मांडीवर घेतो."

"कुणाचंबी?"

"कुणाचंबी. काहीजणी आडनाव ऐकून नाक मुरडतात, खोटं नाय सांगत. पण पोर रडायला लागलं की सिस्टरच लागते त्यांना."

पेंढ्याच्या उडव्याची सावली आमच्या पायावर आली होती. मी उठून बसले, पदर झटकला.

"मग तेच घे. पण शिकून झालं की खालापूरला नेमणूक माग."

"खालापूर कशाला?"

"तिकडं मला कोण ओळखत नाय. मी दुपारची येऊन बाकावर बसेन. कुणा आईचे हात अडकलेले असले, तर पोर जरा माझ्याकडं धरायला दे."

येसूचे डोळे भरले, पण आवाज अगदी मेट्रनबाईचा निघाला.

"खालापूर नाय. मी कर्जतच मागणार. ओळखू देत तुला."

मी मान हलवून हो बोलले.