तगरीला घातलेले काटे

सिद्धेश्वरअप्पांनी पाटोद्याच्या कचेरीत मुहर्रिर, म्हणजे कारकून, म्हणून उभा जन्म काढला. लोकांच्या बांधाच्या भांडणांचे कागद सरकारदरबारच्या उर्दूत उतरवता उतरवता त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, पण एक गोष्ट कळली. माणूस खोटं बोलतो तेव्हा फार रंगून बोलतो. नोकरी संपून पेन्शनीचा वजीफा सुरू झाला तसा त्यांनी कचेरीचा टाक बाजूला ठेवला आणि मराठीत गोष्टी लिहायला घेतल्या. पुण्याच्या एका मासिकाने त्या छापल्यासुद्धा. गल्लीत त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. "सरकारचा वजीफा खायचा आन घरात बसून खोटंनाटं लिवायचं, ब्येस हाय," एवढं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

अप्पा ते मनावर घेत नसत. त्यांचा जीव घरामागच्या परसात गुंतलेला होता. आडाच्या कडेला चार बाजा मावतील एवढीच जागा, पण तिच्यात मोगरा होता, पांढरी शेवंती होती, जास्वंद होती, आणि कोपऱ्यात अप्पांच्या वडिलांनी लावलेली तगर होती. ती आता झुडूप राहिली नव्हती, चांगली डोक्याच्या वर गेली होती. अप्पा सकाळी उघड्या अंगाने पाणी शेंदत, एकेका आळ्यात पोहरा रिता करत आणि पाणी मुरताना माती चुळचुळ वाजते ती ऐकत उकिडवे बसत. बोट खुपसून ओल बघायची, किडकं पान खुडायचं, मुंग्यांची रांग कुठे चालली ते बघत राहायचं. लिहिणं काय आणि आळं करणं काय, दोन्ही बसून करायची कामं, आणि दोन्हींत हात काळे होतात असं ते बायकोला सांगायचे. "धुवायचं मला पडतंय," असं शांतादेवी म्हणायच्या.

या सुखाला एकच गालबोट होतं. अप्पांना आपल्या बागेतलं उमललेलं फूल काही बघायला मिळत नसे.

गल्ली सगळी महादेवाच्या भक्तांची. घरोघर सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा व्हायची आणि पूजेला फूल लागायचं. दिवस उगवायच्या आधीच बायका मागच्या कुंपणातून परसात शिरायच्या. सगळ्यांत पुढे असायच्या गंगासागरअक्का. सत्तरी गाठलेली, पाठीत वाकलेली ही शेजारीण लिंगाला फूल वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. अप्पा मागच्या पडवीत बाजेवर गोधडी ओढून पडलेले असायचे. ते झोपलेत असं समजून बायका फुलं खुडता खुडता जगाचा निवाडा करायच्या. अक्कांचा आवाज सगळ्यांवर. आष्टीच्या जावयाने कसा मान मागितला, सुनेने तेलाचं गाडगं कसं लपवलं, कुणाच्या म्हशीने कुणाची अब्रू घालवली, सगळं यायचं त्यात. अप्पा गोधडीत दातओठ खात पडून राहायचे. देवाच्या फुलाला नाही म्हणायची रीत नव्हती. उजाडून ते उठेपर्यंत बागेत हिरवी पानं तेवढी उरायची.

एका उन्हाळ्यात अप्पांच्या डोक्यात एक युक्ती आली, आणि ती त्यांना फार आवडली. मोगरा, शेवंती, जास्वंद त्यांनी मुळांसकट काढली आणि वेशीतल्या महादेवाच्या देवळापुढे नेऊन लावली. "देवाची फुलं देवाच्या दारात बरी," असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. लोकांनी त्यांच्या भक्तीची तारीफ केली. मोकळ्या झालेल्या जागेत अप्पांनी गुलबक्षी आणि तेरडा पेरला. गुलबक्षी उमलते दिवस कलताना आणि सकाळच्या पूजेपर्यंत मिटून जाते. तेरडा तर महादेवाला कुणी वाहतच नाही. राहिली तगर. ती उपटणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून अप्पांनी तिच्याभोवती आणि कुंपणाच्या भगदाडाला बाभळीच्या फांद्या लावल्या. विचारलं तर शेळ्यांचं नाव सांगायचं ठरलं होतं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

"देवाला फसवायलाव," शांतादेवी म्हणाल्या.

"देवाला देवळात दिलंय की. अजून काय पायजे त्येला?"

श्रावण लागला आणि बाग अप्पांची झाली. पहाटे उठून ते तगरीपाशी पाट टाकून बसत. पांढरीशुभ्र फुलं, पाच पाकळ्यांची, जरा पीळ घातलेली. आजवर ती त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या परड्यांत बघितली होती. आता ती फांदीवर होती, ओली, एकेक वेगळी. कुठे चिमणीच्या पंखाचा आवाज, कुठे आडात टपकणारा थेंब. अप्पांना इतकं बरं वाटे, की आपण आयुष्यात एवढी एकच अक्कल चालवली असं ते स्वतःशी म्हणत. संध्याकाळी गुलबक्षी उमलायची. एकाच झाडावर पिवळी, राणी रंगाची आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे पडलेली. तीही ते डोळे भरून बघत. पण म्हणतात ना, तेरड्याचा रंग तीन दिवस. अप्पांच्या आनंदाचा टिकला त्याहून थोडा जास्त.

झालं असं, की पुण्याच्या मासिकात त्यांची एक लांब गोष्ट चालली होती. गोष्टीत भागीरथी नावाची एक म्हातारी होती, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. वाचणाऱ्यांना ती आवडली होती, आणि शेवटचा भाग कधी पाठवता असं संपादकांनी दोनदा विचारलं होतं. अप्पा लिहायला बसले. बाग शांत, मन शांत, दौत भरलेली. आणि भागीरथी काही केल्या बोलेना. तिला अंगणात उभी केली तर उभी राहायची. सुनेला समोर आणलं तर दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. अप्पांनी जबरदस्तीने तिच्या तोंडात वाक्यं घातली आणि शांतादेवींना वाचून दाखवली.

शांतादेवी तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली. "ही म्हातारी कचेरीतल्यावानी काहून बोलायलीय?"

अप्पांना ते फार लागलं, कारण ते खरं होतं. त्या आठवड्यात त्यांनी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पहाटे तगरीपाशी बसले तरी आता फुलं दिसत नव्हती, भागीरथीचं बंद तोंड दिसत होतं. शेवटी ते चिडून म्हणाले, "मारूनच टाकतो तिला. थंडीताप भरवतो आन दोन दिवसांत संपवतो. मेलेल्या माणसाला बोलावं लागत न्हाई."

"माराय सोपं हाय," शांतादेवी सुपातला खडा काढत म्हणाल्या. "तिला बोलती कोन करत होतं, ते बघा की आधी."

"मीच करत होतो. दुसरं कोन?"

"तुमी गोधडीत पडून ऐकत होताव."

अप्पा उठले. परसात गेले, तगरीपुढे उभे राहिले, आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. तेलाचं गाडगं. जावयाचा मान. 'माज्या म्हशीला नावं ठिवायची तर आधी तुज्या लेकाला बांध.' भागीरथीचं प्रत्येक चांगलं वाक्य याच झाडाखाली, अंधुक उजेडात, फुलं खुडता खुडता बोललं गेलं होतं. ज्या गलक्याला ते वर्षानुवर्षं शिव्या घालत आले, त्यावरच त्यांची लेखणी पोसली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

चूक कळली की अप्पा ती दुरुस्त करायला उशीर लावत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तगरीची फुलं खुडली, परडी भरली आणि गंगासागरअक्कांच्या दारात गेले. अक्का नुकत्या बाहेरून येत होत्या. लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं, हातात कण्हेरीची दोनच फुलं. देवळापुढचा मोगरा आणि जास्वंद शेळ्यांनी आठ दिवसांत फस्त केली होती. तेव्हापासून म्हातारी रोज ओढ्यापर्यंत जाऊन येत होती. अप्पांनी मान खाली घालून परडी पुढे केली.

अक्कांनी परडीला हात लावला नाही. "नगं, अप्पा."

"काहून? देवासाठीच आनलीत."

"दिलेल्या फुलाचं पुण्य देनाऱ्याला लागतं. वाहायची मी आन पुण्य तुमाला, ह्यो कुठला न्याय?"

"मग परसात या. हातानं खुडा. काटं काढतो आजच."

"बोलावल्यावर आले तर ती दिल्यावानीच झाली की."

अप्पांनी कचेरीत भलेभले वकील बघितले होते, पण असा मुद्दा कुणी मांडला नव्हता. "मग न्यायची तरी कशी?" त्यांनी हताश होऊन विचारलं.

"जशी आजवर नेली तशी. मालकाच्या नकळत." अक्का उंबऱ्यावर टेकल्या. "आमी येत होताव तवा तुमी झोपल्याले असायचे. देवाचं फूल, मालक झोपेत, कुनाचं कुनाला देनं न्हाई. लई चांगलं चाललं होतं. तुमी जागं झालाव आन समदं बिघडलं."

अप्पा परडी घेऊन परत आले. त्या संध्याकाळी त्यांनी तगरीभोवतीच्या बाभळीच्या फांद्या ओढून काढल्या. हातात दोन काटे मोडले, ते शांतादेवींनी सुईने काढले आणि काढताना जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. कुंपणातलं भगदाडही मोकळं झालं. मग अप्पा गुलबक्षीपाशी जाऊन बसले. ती तेव्हाच उमलत होती, एकामागून एक, कुणाच्या पूजेसाठी नाही आणि कुणाच्या परडीसाठी नाही. संध्याकाळ आपली, सकाळ देवाची, अशी वाटणी त्यांना मनापासून पटली.

पहाटे ते जागेच होते, पण बाजेवर गोधडी डोक्यावरून घेऊन पडले. म्हातारी आली नाही तर भागीरथीला ताप भरवावाच लागणार होता, आणि आता तिला मारणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बराच वेळ नुसता आडातला थेंब ऐकू येत राहिला. मग कुंपणाचा पाला सळसळला. पायातल्या जोडव्यांचा आवाज झाला. फांदी खाली ओढल्याची कुरकुर आली. अप्पांनी श्वास आवरला आणि अवसान आणून घोरायला सुरुवात केली.

गंगासागरअक्का फुलं खुडू लागल्या. बरोबर दुसरी कुणी नव्हती, म्हणून त्या तगरीशीच बोलत होत्या.

"ऐकलं का गं बाई, कुनीतरी एका म्हातारीला माराय निघालंय म्हनं. शांता सांगत होती. तापानं मारनार हायत. आसं कुठं मरतेत का म्हाताऱ्या? तिची सून गरवार हाय, बाळतपन कोन करनार? आन ते तेलाचं गाडगं? ते सुनंनं काहून लपवलं होतं, त्ये तरी म्हातारीला कळाय नगं का? खायला न्हाई लपवलं तिनं. सासूचं गुडघं दुखतेत, चोळायला ऱ्हावं म्हनून लपवलं. आन म्हातारी आपली गल्लीभर सुनंची आब्रू घालवत हिंडली. ज्या दिशी कळलं, त्या दिशी लई रडली. रडली, आन मंग सुनंलाच दमात घेतलं, आधी काहून न्हाई सांगितलंस म्हनून."

गोधडीत अप्पांचे डोळे पाण्याने भरले. भागीरथी बोलायला लागली होती. ती सुनेपुढे उभी होती, रडत होती आणि भांडत होती, आणि आता ती कितीतरी वर्षं जगणार होती. गोष्ट भागीरथीची असली तरी गाडगं कुणाच्या घरातलं होतं आणि सून कुणाची, हे सांगायची गरज नव्हती. अप्पांचं घोरणं मध्येच थांबलं.

तगरीची फांदीही थांबली.

"अप्पा," अक्का हळूच म्हणाल्या, "अजून निम्मी परडी भरायची हाय."

अप्पांनी डोळे पुसले आणि मुकाट्याने पुन्हा घोरायला सुरुवात केली.