पिंपळीतला पुण्यवान बर्फ

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि आबासाहेबांच्या गव्हात सलग नवव्या दिवशी बर्फ पडलेला होता. शहाण्णव सालचा जानेवारी. निम्मं पिंपळी गाव तांबे, डबे, दुधाच्या किटल्या घेऊन बांधावर उभं होतं, आणि गावातली यच्चयावत मांजरंही.

मांजरांचा खुलासा गावच्या मठात नव्यानं उतरलेल्या हिमगिरी महाराजांनी पहिल्याच दिवशी केला होता. "ही मांजरं नव्हेत, भक्तहो. हिमालयातले वाघ आहेत. प्रवासात आटले."

बर्फ पडे तो फक्त सडकेकडच्या आबासाहेबांच्या रानात. कॅनॉलपलीकडच्या ठमाबाईच्या रानात एक कणही नाही.

"हिमदेवता सातबारा वाचून उतरते," महाराज म्हणाले. "अलीकडे पुण्य, पलीकडे पाप. पापाची ऊब लागली, की बर्फ वरच्या वर विरतो."

ठमाबाई लेक दिपालीला घेऊन गर्दीच्या मागे उभी होती. मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या बाईला लोकांचं काहीबाही ऐकून घ्यायची सवय असते. पण आज शेजारी लोणी भापकरचे बापूसाहेब उभे होते. दिपालीची त्यांच्या मुलाशी सुपारी फुटली होती.

"ईनबाई, राग नका धरू," ते म्हणाले. "रविवारपतुर तुमच्या रानात बर्फ पडला तर बरं. न्हायतर सोयरीक मोडली म्हणा. पापाच्या घरची सून आमाला पेलायची न्हाय."

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या अनिताबाई सायकल धरून ऐकत होत्या. "बापूसाहेब, तुमच्या लोणीत पाऊस किती पडतो?"

"कुठला पाऊस, बाई. धुरळा पडतो."

"आणि महाबळेश्वरला?"

"तितं काय, धो धो."

"म्हणजे महाबळेश्वर पुण्यवान आणि लोणी पापी."

हे काही बापूसाहेबांना पटेना. "ते डोंगरामुळं. ढग तितंच रिकामं हुत्यात."

"बर्फाचंही तेच. ओली हवा डोंगर चढते, गार होते, चढाच्या अंगाला बर्फ टाकते. पलीकडं उतरते ती कोरडी. पण त्याला मधे डोंगर लागतो. इथं कॅनॉल आहे."

"ते शाळंतलं झालं," बापूसाहेब म्हणाले.

एवढ्यात आबासाहेबांनी ठमाबाईच्या ओंजळीत प्रसादाचा बर्फ टाकला. तिनं तो हुंगला.

"आबा, ह्याला वास कशाचा येतुय?"

"कस्तुरीचा," आबासाहेब डोळे मिटून म्हणाले. महाराजांनी तसं सांगितलं होतं, आणि पडताळायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. आख्खी आळीच माळकरी, मासळीशी कुणाची तोंडओळखसुद्धा नाही. ठमाबाईचं माहेर मात्र उजनीच्या पाण्याकाठचं. तिनं बर्फातून नखाएवढी चकाकती चकती उचलली.

"कस्तुरीला खवलं असत्यात व्हय, आबा?"

"तो हिमकण आहे, माई," महाराज घाईनं म्हणाले. "न विरघळणारा. फार उंचावरचा."

चुकल्या मेंढराचा माग काढावा तशी ठमाबाई खाली बघत चालू लागली. बांधापासून सडकेपर्यंत ओल्या थेंबांची रेघ होती. सडकेच्या कडेला धुळीत टायरची नक्षी. तिच्यामागून मांजरं निघाली, मांजरांमागून गाव. सगळ्यात शेवटी महाराज, "तिकडे जाऊ नका, जागा अपवित्र आहे," असं सांगत.

माग मठामागच्या पत्र्याच्या शेडात गेला. आत टेम्पो उभा होता. त्यात बारदानाखाली बर्फाची अर्धी लादी, एक मोगरी, चार घमेली आणि रोहू माशांच्या तीन रिकाम्या पाट्या. सावळाराम नावाचा पन्नाशीचा शिष्य बर्फ कुटून दमून चहा पीत होता.

"सावळाराम, बर्फ कुठनं आणता?" ठमाबाईनं विचारलं.

एवढं गाव दारात बघून तो खरंच बोलून गेला. "बाजारात मासं उतरवल्यावर उरतुय की. कुटायचा आन अंधारातच सडकेवरनं फेकायचा."

"मग माझ्या रानात का न्हाय फेकला?"

"मावशे, कॅनॉलच्या पुलावरनं टेम्पो जातुय का? तितं सायकल हातात धरून न्यावी लागती."

एका रानात बर्फ पडतो आणि शेजारच्या रानात पडत नाही, याचं पिंपळीपुरतं कारण एवढंच होतं.

महाराजांनी जागच्या जागी समाधी लावली. पोलीसपाटलांनी ती उतरवली. आबासाहेब तेवढ्यात हौदावर गेले आणि चुळा भरत राहिले. नऊ दिवस त्यांनी दोन्ही वेळा प्रसाद घेतला होता.

बापूसाहेबांनी टोपी काढून परत घातली. "झालं गेलं. ईनबाई, रविवारी तारीख धरू."

दिपाली आईच्या मागून पुढं आली. "मामा, तारखेआधी तुमच्या मुलाला हितं धाडा. डोंगराच्या एकाच अंगाला बर्फ का पडतो, ते त्यानं अनिताबाईंकडनं समजून घ्यावं. उद्या लेकरू तापानं फणफणलं, तर त्याला दवाखान्यात नेणारा माणूस पायजे मला. शेजाऱ्याचं पाप मोजत बसणारा नको."

ठमाबाईनं लेकीला गप्प केलं नाही. बापूसाहेबांनी अनिताबाईंना शाळा किती वाजता सुटते ते विचारलं.

"साडेपाचला. पाठवा मुलाला."

"दोघं येतो," बापूसाहेब म्हणाले.