गोड अंगारा

आबांचा शेवटचा चालता-फिरता दिवस शनिवार होता. भुकूमच्या डोंगराखाली मारुतीच्या ठाण्यापुढं ही गर्दी! चौथऱ्यावर म्हातारं वानर बसलेलं. त्यानं ताटातला अंगारा चाटला आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

"पाया पडतंय!" गोजराबाईनं हात जोडले.

"मुक्याला कळतं, माणसाला कळत न्हाई!" वाल्मीक महाराज गरजले. "जगाचा अंगारा बेचव, माझ्या मारुतीचा गोड! पोटशूळ, कंबर, कोर्टाची तारीख, समद्यावर एकच चिमूट!"

"तारखेला चिमूट जज्जाला चारायची का?" कुशाबाआबांनी विचारलं. लोक हसले. आबाही हसले, तरी पोटदुखीसाठी त्यांनी रोजची चिमूट जिभेवर ठेवलीच आणि लेकीला म्हणाले, "गोड हाय गं, गौतमे."

रात्रीतून झटके सुरू झाले. दवाखान्यात रक्तात शिसं निघालं. "काय काय खायचे?" डॉक्टरांनी विचारलं. घरच्यांनी भाकरीपासून तंबाखूपर्यंत सगळं सांगितलं. अंगारा कुणालाच आठवला नाही. अंगारा कुणी खाण्यात धरत नाही.

आबा गेले. दहाव्याला महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली."

पुढं डोंगरातले हुप्प्यांचे आवाज कमी होत गेले. ओढ्याकाठी मेलेली पिल्लं सापडू लागली. एक वानर गौतमीच्या कुंपणाशी येऊन बसलं. त्याची बोटं थरथरत होती, अगदी आबांची थरथरायची तशी. हेही आबांसारखंच ठाण्यावरचा अंगारा चाटायचं, हे तिच्या ध्यानात आलं. सकाळी ते मरून पडलं होतं.

तिनं ते वानर आणि आबांच्या उशाखालची अंगाऱ्याची पुडी वनखात्याच्या पशुवैद्य जस्मीन यांच्याकडे नेली. वानराच्या यकृतात शिसं होतं. पुडीतही शिसंच.

शनिवारी दोघी ठाण्यावर आल्या. गोजराबाई नातीला, जुईलीला, जीभ काढायला लावत होती. गौतमीनं गोजराबाईचं मनगट धरलं.

"सोड गं! पोरीचं पोट दुखतंय."

"महाराज, आधी तुम्ही खा मूठभर," जस्मीन म्हणाल्या.

"आज माझा उपास हाय."

"अंगाऱ्याला कसला उपास?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ही राख डोंगरामागच्या भट्टीतली आहे, काल आम्ही तिथं जाऊन बघितलं," जस्मीन म्हणाल्या. "ह्यांचा भाचा तिथं जुन्या बॅटऱ्या वितळवतो. शिशाची राख गोड लागते, म्हणून वानरं चाटतात. मग त्यांच्या मानेतली ताकद जाते, आणि तुम्ही म्हणता नमस्कार केला."

"हिच्या अविश्वासानंच बाप गेला!" महाराज किंचाळले.

गौतमी गर्दीकडे वळली.

"माझ्या आबांची श्रद्धा कमी पडली नव्हती. रोज चिमूट घेत होते ते. त्यांना ह्या अंगाऱ्यानं मारलं. मावशी, पोरीला आत्ता दवाखान्यात न्या. मारुतीला हात जोडा, कोण नको म्हणतंय? पण जिभेवर ठेवाल ते कुठून आलं, एवढं आधी विचारा."