उलटा लावलेला गवती चहा

फू खाम डोंगराच्या माथ्यावर मी एकवीस वर्षं तांदळाची पेज विकते आहे. धुकं बघायला येणारी माणसं मी जितकी पाहिली, तितकं त्यांनी धुकं पाहिलेलं नाही. बँकॉकहून रात्रभर गाडी हाकत येतात, आमच्या गावच्या पिकअपमध्ये कोंबून घेऊन पहाटे पाचला वर चढतात, लोकरी टोप्या घालून कुडकुडतात, आणि दरी पांढरीशुभ्र भरली की तिच्याकडे पाठ करून उभी राहतात. फोटोत स्वतःचं तोंड यायला हवं ना! मग पेजेत आलं कमी पडलं म्हणून माझ्याशी हुज्जत घालतात.

पण गाव चालतं ते त्यांच्याच जिवावर. त्यामुळे नोव्हेंबरात तालुक्याचे मोठे साहेब माथ्यावरच्या नव्या कठड्याचं उद्घाटन करायला येणार म्हटल्यावर सरपंच थोंगइन यांच्या अंगातच आलं. आदल्या संध्याकाळी मठाच्या पटांगणात नाच आणि जेवण, पहाटे माथ्यावर धुकं, असा बेत ठरला. रेडिओ मात्र पावसाचं भाकीत सांगत होता.

"गवती चहा लावायचा," सरपंच सभेत म्हणाले.

आमच्याकडचा हा जुना उपाय. पुरुषाचा हात न लागलेल्या मुलीने उघड्यावर गवती चहा उलटा लावायचा, शेंडे मातीत आणि मुळं आभाळाकडे. पाऊस माघारी फिरतो म्हणतात. नाही फिरला तर मुलीची शोभा होते. म्हणून हा विषय निघाला की गावातल्या पोरींच्या कंबरा एकाएकी धरतात.

पिकअपवाला म्हातारा खेन म्हणाला, "सरपंच, संध्याकाळी सर पडून गेली तरच सकाळी दरी भरते. पाऊसच अडवलात तर धुकं काय दुकानातनं आणणार?"

"तू गाडी चालव. पाऊस वेगळा, धुकं वेगळं."

तेवढ्यात सरपंचांची बायको बुआरिन गोड आवाजात म्हणाली, "आपली वेन आहे की. पेजवालीची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेन माझी एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची, आरोग्य केंद्रात कामाला. तिचं आणि बुआरिनच्या मुलाचं, वीराचं, दोन वर्षांपासून जमलेलं, आणि पेजवालीची पोरगी सून म्हणून नको, हे बुआरिनचं दोन वर्षांपासूनचं दुखणं. आता पाऊस पडला की वेनची बदनामी होणार, लग्न आपोआप मोडणार, आणि हिला तोंडही उघडावं लागणार नाही. आधी तुझ्या पोराला लावायला सांग, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नकार दिला असता तरी लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतलाच असता.

"लावते मी," वेन म्हणाली आणि शांतपणे मठामागे जाऊन लावून आली.

पुढचे तीन दिवस मी बुद्धापुढे हात जोडत होते. माझ्याच गल्ल्यावर पाणी सोडून पाऊस नको म्हणत होते, तो लेकीसाठी. पाऊस पडला नाही. नाचाच्या वेळी बुआरिन आभाळाकडे इतकी बघत होती की तिची मान आखडली असेल. आभाळात ढगाची चिंधी नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्यांदा जेवले.

पहाटे साहेब वर आले. सोबत बँकॉकचे चाळीस पाहुणे. तांबडं फुटलं, आणि दरीत धुक्याचा मागमूस नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं. नदी दिसत होती, गावाचा उकिरडा दिसत होता, आणि समोरच्या उतारावर, राखीव जंगलाच्या ऐन मध्यात, झाडं तोडून बांधलेली सहा निळ्या छपरांची घरं दिसत होती.

ती घरं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. साहेब लोकांना ठाऊक नव्हती, कारण ते येतात फक्त धुक्याच्या सकाळी, आणि धुकं विरायच्या आत नाश्त्याला खाली जातात.

"ती घरं कुणाची?" साहेबांनी विचारलं.

सरपंच कठडा न्याहाळू लागले. बुआरिन मात्र घाईने माझ्या ठेल्यामागे आली आणि तिने माझा हात धरला. कालपर्यंत 'पेजवाली' म्हणणारी बाई आज माझ्या कानात कुजबुजली, "बुनमाताई, तुमचं मक्याचं शेत त्याच अंगाला आहे ना? माझीच घरं आहेत म्हणा, कणसं ठेवायला बांधली म्हणा. दंड आम्ही भरू. फेब्रुवारीत लग्न उरकून टाकू. मागणी घालायला मी स्वतः येते."

खोटं कशाला बोलू, मी तोंड उघडलं होतं. जंगल तोडल्याचा गुन्हा म्हणजे तुरुंग, दंडावर भागत नाही, हे मला कळत होतं. तरी लेकीचा संसार उभा राहत असेल तर आईला अक्कल कुठे राहते?

"साहेब," वेन माझ्या आधी बोलली. "ती घरं सरपंचांची आहेत."

"तुला गं काय माहीत?" सरपंच कडाडले. "कधी गेली होतीस तिथं?"

"पावसाळाभर जातेय. तिसऱ्या घराची कडी लागत नाही. दाराला आतून खाट लावावी लागते." तिने वीराकडे बोट दाखवलं. "विचारा त्याला."

वीरा कानापर्यंत लाल झाला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने मान डोलावली, आणि मग बापाकडे न बघता वेनच्या शेजारी जाऊन उभा राहिला. साहेबांच्या कारकुनाने वही काढली. खेनला हसू दाबता दाबता ठसका लागला.

बुआरिनने माझा हात विंचू डसल्यासारखा सोडला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती किंचाळली. "अशा पोरीला आता कोण करून घेणार?"

एकवीस वर्षं मी त्या माथ्यावर सगळ्यांशी नरमाईने बोलत आले होते. मी पळी खाली ठेवली.

"तिचं राहू द्या हो, विहीणबाई," मी म्हटलं. "तुमच्या वीराला आता कोण मुलगी देणार, त्याचं बघा."