सही न झालेला कागद

तुरुंगातल्या सुधार वर्गात सुताराने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी धाकट्या भावाला मारलं."

समुपदेशक मॅडमनी पेन खाली ठेवलं. "असं नाही म्हणायचं. 'माझ्याकडून हानी घडली' म्हणायचं."

"मॅडम, हानी गोदामाची होते," मागून एक वेल्डर कैदी म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले. सुतारही हसला, कित्येक महिन्यांनी.

गुबगुबीत खुर्च्यांत बसून कुणीतरी घडवलेले ते शब्द. पण सुताराला ते मानवले. मारलं म्हटलं की हातातली पटाशी दिसायची, भावाचा शर्ट दिसायचा. हानी म्हटलं की काहीच दिसायचं नाही. झोप लागू लागली. बारा आठवड्यांत गडी इतका तयार झाला की मॅडम नव्यांना त्याचाच दाखला द्यायच्या.

आता सुटकेचा अर्ज एका सहीवर अडला होता, घरी ठेवून घेणाऱ्याच्या. घरात उरली होती एकटी आई. चार वर्षांत ती पहिल्यांदाच आली. टेबलावर कागद, दोरीने बांधलेलं पेन, शेजारी मॅडम.

आईने पेन हातात घेतलं. "करते सही. फक्त एक सांग. तेव्हा तिथे तू एकटाच होतास. शेवटी माझं लेकरू काही बोललं का रे?"

बोललं होतं. "दादा, लागलं रे." लहानपणी पडल्यावर म्हणायचा, अगदी तसंच.

सुताराने तोंड उघडलं. "आई, त्या घटनेत माझा रागावर ताबा राहिला नाही. माझ्याकडून हानी घडली. मी जबाबदारी स्वीकारतो."

"छान," मॅडम म्हणाल्या.

"मी काय जज आहे का रे? आई आहे मी, दोघांची. नीट सांग ना."

ओठांवर भावाचे ते शब्द होते, पण बाहेर आलं भलतंच. "तुला झालेल्या वेदनेची... मला पूर्ण जाणीव आहे."

आईने पेन ठेवलं. पिशवी उचलली. "धाकटा गेला तेव्हा वाटलं, एक तरी उरलाय."

लोखंडी दार लागलं आणि त्याचं तोंड सुटलं. "आई! 'दादा, लागलं रे' म्हणाला गं! मी मारलं त्याला, मीच मारलं!"

दारापलीकडे आता फक्त शिपाई होता.

मॅडमनी वहीत नोंद केली: भाषेत घसरण. वर्ग पुन्हा पहिल्यापासून.