दहावा दगड

"हे सिमेंट कुठल्या गाढवाने फासलंय?" खंदकात उतरता उतरता सुयोग करवादला.

"मीच तो गाढव," जयवंतकाका छिन्नीवरची नजर न काढता म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली. गिरणी सुटली आणि हातात थापी आली, तेव्हाचं पहिलं मोठं काम."

वर्सोव्याच्या खाडीकाठी ही जुनी गढी. भोवतीचा खंदक भरतीला भरे, ओहोटीला रिता होई. काम करायचं ते मधल्या वेळात. एका कोपऱ्याची वरची ओळ ढासळली होती. कंत्राटदाराचा सुपरवायझर सुयोग अख्खा कोपरा पाडून काँक्रीट ओतायच्या घाईत होता. पण आर्किटेक्ट इरावतीने सकाळीच बजावलं होतं, "आजच्या भरतीआधी दहा दगड न फुटता सिमेंटातून मोकळे झाले, तर कोपरा राहील."

बहात्तरीच्या काकांना कोणी बोलावलं नव्हतं. दुरुस्तीचं कानावर आलं आणि ते दिंडोशीहून पहिल्या बसने येऊन उभे राहिले होते.

"काका, ब्रेकर लावू ना. अर्ध्या तासात साफ!"

"कोपऱ्यासकट साफ होईल रे. ये इकडे, कान लाव." काकांनी सिमेंटवर टकटक केलं. "बद्द वाजलं ना? म्हणजे आतून सुटलंय. तिथूनच शिरायचं. हळू."

"एवढं मजबूत सिमेंट, मग बिघडलं कुठे?"

"मजबुतीनेच. चुना पाणी पितो नि सोडतो. सिमेंटने ते आत कोंडलं, आणि मिठाने दगड खाल्ला. मला वाटलं, काय पक्कं काम केलंय! माझ्या लेकीला, श्वेताला, बोट धरून दाखवायला आणली होती तेव्हा. एवढीशी होती."

आठवा दगड मोकळा झाला तेव्हा पाणी घोट्याला लागलं.

"काका, वर या!" काठावरून इरावती ओरडली.

"दोन राहिले गं."

नववा सुटला. दहाव्यावरचं सिमेंट परातीएवढं एका तुकड्यात निघालं. मागचा दगड जागचा हलला नाही. त्याचा वरचा थर मात्र पिठासारखा झडला. इरावती खाली उतरली, तिने हातोडी वाजवून पाहिली. खणखणीत.

"राहिला कोपरा!" ती म्हणाली.

"झकास, काका! द्या, तो तुकडा फेकतो." सुयोगने हात पुढे केला.

काका तुकडा उलटा करून बघत होते. पाठीवर बारीक तिरक्या रेघा उठल्या होत्या, एकीशेजारी एक. दगड घडवणाऱ्याच्या टाकीचे घाव. दगडावर आता त्यातला एकही उरला नव्हता.

"फेकू नको," ते म्हणाले.

पाणी गुडघ्याला आलं, तसे ते तुकडा छातीशी धरून वर चढले. वरच्या ओळीसाठी आणलेल्या नव्या दगडाशेजारी त्यांनी तो टेकवून ठेवला.

"हा ठसा आहे, सुयोग. आरशासारखा उलटा. इथे डावीकडे झुकलेला घाव आपण उजवीकडे झुकवायचा."

मग त्यांनी टाकी उचलली. एक घाव घातला, तुकड्याकडे पाहिलं, आणि दुसरा घातला.