रस्ता, गल्ली की बोळ

शिंपीकाम करणारे मास्तर आपल्या बोळाला बोळच म्हणत. "दोन जाडी गिऱ्हाइकं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागतं. याला गल्ली म्हटलं तर गल्लीला राग येईल," हे त्यांचं ठरलेलं. त्यांच्या बायकोला, सगळ्यांच्या काकूंना, ते खपत नसे. नऊ वर्षांपूर्वी मुलीला बघायला येणाऱ्या एका बाईंनी पत्ता ऐकून "बोळात?" एवढंच विचारलं, आणि पुढे निरोप आला नाही. तेव्हापासून काकूंच्या तोंडी गल्ली. गॅसवाल्याला गल्ली, लग्नपत्रिकेवरही गल्ली. मुलगी चांगल्या घरी पडली.

मंगळवारी सकाळी अकराला मास्तर मशीनवर बसल्या बसल्या छाती धरून कलंडले. काकूंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पत्ता लिहून घेतला आणि सगळ्यांना विचारते तेच विचारलं: रस्ता, गल्ली की बोळ? बोळ असेल तर दोन माणसं रोग्याला उचलून न्यायची खुर्ची घेऊन येतात. गल्ली असेल तर चाकांचं स्ट्रेचर. काकूंना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

"गल्ली," त्या म्हणाल्या.

गाडी नऊ मिनिटांत आली. स्ट्रेचर तिसऱ्या घराच्या वळणावर, नळापाशी अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. शेजाऱ्यांनी मास्तरांना सतरंजीत घालून तिथवर आणलं होतं. पण स्ट्रेचर निघाल्याशिवाय बाहेर पडायला वाट नव्हती. चौघे सतरंजीची टोकं धरून अकरा मिनिटं उभे राहिले. मास्तर इस्पितळात पोचण्याआधीच गेले.

दुपारी मुलगी आली आणि इस्पितळाच्या बाकावर आईला टेकून बसली. गाडीचा चालक एका कागदावर सही मागायला आला. उशिराचं कारण त्यात लिहिलं होतं. काकूंनी कागद सावकाश, दोनदा वाचला.

"मी बोळ म्हणाले असते तर हे वाचले असते का?"

चालकाची या कामात बारा वर्षं गेली होती. "नाही, काकू. झटकाच मोठा होता. काही फरक पडला नसता."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

मुलीने आईच्या हातून कागद घेतला, स्वतः सही केली आणि चालकाला जायला खुणावलं.

"आई, तू माझ्यासाठीच म्हणायचीस ना गल्ली?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "मलाच लाज वाटायची."